स्टुलाखालची कळ

माझ्या यंत्राच्या दर्शनी फळीवर तांबड्या रंगात एक वाक्य लिहिलेले असे: 'यंत्र सर्वांना सारखे.' ते वाक्य खोटे होते. मी ते स्वतःच्या हाताने रंगवले होते आणि रंगवताना ते खोटे आहे हे मला पुरते ठाऊक होते. जत्रा-जत्रांतून अकरा वर्षे मी ते मिरवले. या काळात माझ्या पत्नीखेरीज कोणालाही त्यातले खरे कळले नाही, आणि जे कळायला हवे होते ते ज्याला कळायला हवे होते त्याच्यापासून मी सहा वर्षे लपवून ठेवले.

संपादकांनी मला जत्रेतल्या धंद्यातील गमतीजमती लिहायला सांगितले आहे. गमती होत्या, त्यांतल्या काही मी सांगेनही. पण हे एक सांगितल्यावाचून बाकीचे सांगण्याचा अधिकार मला नाही, असे वाटते.

मी सांगलीचा. ऑइल इंजिनांच्या कारखान्यात लेथवर काम केलेला माणूस. जत्रेच्या धंद्यात कसा पडलो, ती हकीगत सांगण्याजोगी नाही. मी केलेल्या यंत्राला मात्र थोडे समजावून घ्यावे लागेल. लाकडी कपाट आडवे ठेवावे एवढी एक पेटी. तिच्यात दोन रुळांवर कॅनव्हासचा लांब पट्टा फिरे, पिठाच्या गिरणीत फिरतो तसा. त्या पट्ट्यावर मी रस्ता रंगवला होता: पाटण ओलांडून कोकणात उतरणारा कुंभार्ली घाट, त्याची वळणे, एका बाजूला कातळ आणि एका बाजूला दरी. पट्टा खेळणाऱ्याच्या दिशेने सरकत येई, त्यामुळे रस्ताच समोरून येतो आहे असे वाटे. मध्ये पत्र्याची एक तांबडी मोटार दांडीवर बसवलेली होती. ती पुढे जात नसे. फक्त डावीकडे-उजवीकडे सरके, आणि ती सरकवण्यासाठी समोर खरे चाक होते, भंगारात काढलेल्या ट्रकचे. रस्त्याच्या दोन्ही कडांना तांब्याची पट्टी शिवलेली होती. मोटार कडेला लागली की घंटा वाजे आणि आतले दातेरी चाक एक दात पुढे सरके. दोन मिनिटांनी पट्टा थांबला की तीन काचांपैकी एक काच उजळे. हात पक्का, हात मध्यम, किंवा हात कच्चा.

आमच्या भागात ड्रायव्हरला 'गाडी येते का' असे कोणी विचारत नाही. 'हात कसा हाय' असे विचारतात. एखाद्याचा हात बसला म्हणजे तो शिकला, आणि हात गेला म्हणजे तो संपला. काचांवर हे शब्द घालताना मला फार चातुर्य केल्यासारखे वाटले होते. शब्द लोकांचाच होता, म्हणून लोकांना तो लागत असे. किती लागत असे, याचा विचार मी केला नव्हता.

या धंद्यातला मूळ पेच बाहेरच्या माणसाला सहसा सुचत नाही. मोटार खऱ्यासारखी करावी की खेळण्यासारखी, हा तो पेच. पहिल्या वर्षी म्हसवडच्या जत्रेत मी ती अगदी खऱ्यासारखी केली. ट्रकच्या चाकाला ट्रकचेच दाते ठेवले. चाकाला तीन फेरे द्यावेत तेव्हा मोटार बोटभर सरके. खऱ्या ट्रकमध्ये तसेच असते. पण खऱ्या ट्रकच्या ड्रायव्हरला ते अंगवळणी पडायला दोन वर्षे लागतात आणि माझ्या गिऱ्हाइकाजवळ दोन मिनिटे होती. पहिल्या वळणालाच माणसे दरीत जात. हसत कोणीच नसे. मुकाट्याने उठून शेजारच्या पाळण्याकडे जात. माझी पत्नी शालिनी पुढे तिकिटांना बसे. ती म्हणाली, तुमची मोटार माणसाचा अपमान करते.

मग मी उलट टोकाला गेलो. सायकलचे लहान दाते लावले, बोट लावले की मोटार सरके. लोक हसले खरे, पण एकदाच. एक गृहस्थ एका हाताने शेंगा खात कोपराने घाट उतरून गेले आणि परत आले नाहीत. ज्या रस्त्यावर पडता येत नाही तो रस्ता कोणालाच नको असतो. मला हळूहळू कळले की खऱ्या मोटारीत माणूस भितो आणि म्हणून सावध असतो. माझ्या मोटारीत भिण्यासारखे काहीच नव्हते. माझी दरी म्हणजे ती घंटा आणि भोवती उभ्या माणसांचे हसणे. तेवढ्या भीतीवर दोन मिनिटे निभावतील असे चाक मला करायचे होते. त्यासाठी मी मोटारीच्या दांडीला दोन्ही बाजूंनी दोन स्प्रिंगा लावल्या. त्या मोटारीला गुपचूप रस्त्याच्या मध्याकडे ओढत. खेळणाऱ्याला वाटे की आपणच सावरले.

साताऱ्याचे एक एस.टी. ड्रायव्हर होते. पोरांना घेऊन आले, चाकावर बसले आणि दर वळणाला त्यांचा उजवा पाय जमिनीवर काहीतरी शोधू लागला. खेळ संपल्यावर मला म्हणाले, "बिनब्रेकाची गाडी घाटात घालता व्हय वो मिस्त्री?" ते मला खरोखर लागले. मी त्याच भंगारातून ब्रेकचे पेडल आणून बसवले. त्याच्याखाली फक्त एक स्प्रिंग होती, बाकी ते कशालाही जोडलेले नव्हते. पुढच्या वर्षी ते पुन्हा आले, दर वळणाला ब्रेक दाबत सुरेख घाट उतरले, आणि गाडी आता ऐकते असे समाधानाने सांगून गेले. मी मान हलवली. तेव्हा मला ही गंमत वाटली होती. आज वाटते, खोटे बोलण्याची पहिली सवय मला त्या पेडलने लावली.

दुसरे गिऱ्हाईक खरसुंडीचे. जनावरांच्या बाजारासाठी आलेले माणदेशाकडले एक वयस्क मेंढपाळ. मोटारीत ते कधी बसले नव्हते. पट्टा एके ठिकाणी फाटला होता, मी तो शिवून शिवण झाकण्यासाठी वर मेंढरांचा कळप रंगवला होता. तो कळप समोरून येताना दिसताच या गृहस्थांनी चाक सोडले आणि ते स्टुलावरून उठून उभे राहिले. लोक ओरडले, चाक धरा, चाक धरा. ते शांतपणे म्हणाले, "आवं, मेंढरं हायती की." कळप सरकून जाईपर्यंत ते हात जोडल्यासारखे उभे राहिले, मग बसले. बाकीचा वेळही त्यांनी चाकाला हात लावला नाही, कारण पुढे आणखी मेंढरे असतील असे त्यांना वाटले. स्प्रिंगांनी मोटार रस्त्याच्या मधोमध धरून ठेवली. दोन मिनिटांनी काच उजळली: हात पक्का. माणसे हसून लोळली. मेंढपाळांना हसण्याचे कारण कळले नाही. जाताना त्यांनी एवढेच विचारले, "कुणाची हुती वो मेंढरं?"

त्या प्रसंगावर मीही पुष्कळ हसलो. पण मनात काहीतरी खुपत राहिले. ज्याने चाक सोडले त्याला माझे यंत्र पक्का म्हणाले होते. हे कोणाच्या ध्यानात आले तर यंत्राची पत राहणार नव्हती. मदत सर्वांना देऊन चालणार नाही, असे मी ठरवले. येथवर माझा विचार कारागिराचा होता. पण मदत कोणाला द्यायची आणि कोणाला नाही, हे मी यंत्रावर सोपवले नाही. ते मी माझ्या हातात घेतले.

पेटीच्या मागे मी ज्या स्टुलावर बसे त्याच्याखाली सायकलच्या ब्रेकची एक कळ बसवली आणि तिची तार स्प्रिंगांपर्यंत नेली. गुडघ्याने कळ दाबली की स्प्रिंगा सैल होत आणि मोटार मोकळी सुटे. एवढेच असते तर तेही कदाचित क्षम्य ठरले असते, कारण मोकळी मोटार म्हणजे खरी मोटार. पण आत आणखी एक गोष्ट होती. चाकाच्या दांड्यात जी खीळ होती ती मी मुद्दाम बारीक घातली होती, त्यामुळे सांधा ढिला राही. स्प्रिंगा ताणलेल्या असताना तो ढिलेपणा जाणवत नसे. त्या सुटल्या की चाक वीतभर फिरवले तरी मोटार हलत नसे, आणि मग एकदम उडी मारून कडेला जाई. असे चाक कोणत्याच खऱ्या मोटारीचे नसते. मी मात्र मनाशी म्हणत असे की हे बढाईखोरांसाठी खऱ्या घाटाचे चाक आहे. बायका, मुले, म्हातारी माणसे आली की स्प्रिंगा ताणलेल्या. मिशीला पीळ देत कोणी ट्रकवाला आला की माझा गुडघा हले. तो हरला की लोक हसत आणि आणखी चार ट्रकवाले ईर्ष्येने पुढे येत. माझ्या हातात कर्ण्याचा माइक असे. काच उजळली की मी पुकारा करी. कच्चा निघालेल्यांसाठी माझे एक ठरलेले वाक्य होते: "हात कच्चा, बैलगाडी बरी." त्यावर हमखास हशा पिके.

औंधच्या यमाईच्या जत्रेत, पौषात, एक दिवस दुपारी कोरेगावकडचे एक बागायतदार आठ-दहा माणसांसह माझ्या तंबूपुढे आले. त्यांना सगळे आबासाहेब म्हणत. ऊस वाहणारे त्यांचे दोन ट्रक होते. साखर कारखान्याचा सीझन जोरात असतानाच त्यांचा एक ड्रायव्हर सोडून गेला होता, आणि ट्रक दारात उभा होता. हे सर्व मला त्यांच्याच बोलण्यातून कळले. त्यांच्याबरोबर सर्जेराव नावाचा एक चाळिशीचा माणूस होता. फौजेतून नुकताच सुटून आलेला, अंगात फौजेचाच लोकरी गंजीफ्रॉक, बोलणे कमी.

"मिस्त्री," आबासाहेब म्हणाले, "ह्यो आमच्या गावचा सर्जेराव. फौजेत डोंगरातनं गाड्या हाणल्यात. उद्यापासनं माझा ट्रक ह्याच्याकडं द्यायचा म्हणतोय. तवा मंडळींना जरा हात बघू द्या ह्याचा."

सर्जेराव संकोचून म्हणाले, "आबा, खरी गाडी हाय की तुमच्या दारात. तिच्यावरच बसवून बघा. हे खेळणं हाय."

"खेळण्याला भितोस व्हय रं फौजी?"

लोक हसले आणि सर्जेराव बसले. त्यांनी चाकावर हात ठेवले तेव्हा मी पाहिले की डाव्या हाताची शेवटची दोन बोटे नव्हती. ती बर्फात गेली, असे शेजारच्याने सांगितले. त्या तीन बोटांवर त्या दिवशी काय अवलंबून होते, हे तंबूतल्या प्रत्येकाला माहीत होते. मलाही होते. माझ्या अपराधाला अज्ञानाचा आधार नाही.

पट्टा सुरू झाला. पहिले मिनिटभर घंटा वाजली नाही. मी असा हात त्यापूर्वी पाहिला नव्हता आणि नंतरही पाहिला नाही. ते चाक जेमतेम हलवत. लोकांतून कोणी म्हणाले, ब्रेक दाब रं फौजी, मेंढरं आली. त्यांनी ब्रेकवर पाय ठेवला आणि लगेच उचलला. स्वतःशीच हसून म्हणाले, "ह्याला कायच जोडल्यालं न्हाई." मग चाक थोडे हलवून पाहिले आणि मला म्हणाले, "मिस्त्री, हिला मागनं कुणीतरी धरलंय. सोडा की तिला."

त्यात कुचेष्टा नव्हती. एका कारागिराने दुसऱ्याला सांगावे तसे ते बोलले होते. पण भोवतालची माणसे हसली, आणि त्या तंबूत प्रथमच ती माझ्यावर हसली. चार वर्षे जे कोणाला कळले नव्हते ते या माणसाच्या आठ बोटांनी एका मिनिटात ओळखले होते. मला त्यांचा आदर वाटायला हवा होता. मला राग आला. मी गुडघ्याने कळ दाबली.

पुढे पुष्कळ वर्षे मी स्वतःला हेच समजावत आलो की सोडा असे त्यांनीच सांगितले होते. पण त्यांनी स्प्रिंगा सोडायला सांगितल्या होत्या. खिळीविषयी त्यांना काही ठाऊक नव्हते. मला होते.

मोटार उडी मारून दरीकडे गेली. घंटा वाजली. त्यांनी चाक उलट फिरवले, काही झाले नाही, आणखी फिरवले, तर ती कातळावर गेली. पुन्हा घंटा. लोक ओरडू लागले. सर्जेराव मोठ्याने म्हणाले, "खीळ ढिली झालीया, मिस्त्री. थांबवा." ते मी स्वच्छ ऐकले. माइक तोंडाशी धरून मी म्हणालो, "चाकाला नावं ठेवू नका फौजी, घाट बघा." कर्ण्यावरून ते सगळ्या जत्रेला ऐकू गेले. पट्टा थांबला तेव्हा घंटा तेरा वेळा वाजली होती. तिसरी काच उजळली, आणि मी माझे ठरलेले वाक्य पुकारले. सवयीने पुकारले, असे म्हणण्याचा मला मोह होतो. तसे नव्हते. त्या वेळी मला ते पुकारताना बरे वाटले.

तरीही गोष्ट येथे थांबली असती तर एका दिवसाच्या चेष्टेवर भागले असते. सर्जेराव उठले नाहीत. त्यांनी पेटीवर वाकून पुन्हा चाकाला हात घातला, खीळ पाहण्यासाठी. ते काय करणार हे मी ओळखले आणि गुडघा काढून घेतला. स्प्रिंगा ताणल्या गेल्या. त्यांनी चाक डावीकडे हलवले, मोटार हलली. उजवीकडे हलवले, मोटार हलली. कोठेही ढिलेपणा नव्हता. त्यांनी तीनदा हलवून पाहिले. मग ते आपल्या डाव्या हाताकडे बघत राहिले.

"न्हाई, बरोबर हाय," ते हलक्या आवाजात म्हणाले. "माझंच चुकलं आसंल." आणि मला म्हणाले, "खिळीला उगंच नाव ठिवलं, मिस्त्री. राग मानू नगा."

आबासाहेबांनी सगळ्यांना चहा पाजला. त्या चहाच्या वेळी सर्जेरावांचा डावा हात खिशात होता.

शालिनीने माझा गुडघा पाहिला होता. माणसे पांगल्यावर ती म्हणाली, "तो मनुष्य तुमची माफी मागून गेला." एवढेच. पुढे दोन दिवस ती माझ्याशी तिकिटांपुरते बोलली. मी खीळ बदलतो म्हणालो, आणि तीन सीझन बदलली नाही.

ट्रक दुसऱ्याच कोणाला तरी मिळाला, हे मला पुढच्या जत्रेत ऐकायला मिळाले. मी स्वतःला सांगितले की फौजेचा माणूस आहे, दुसरीकडे कोठेही चाकावर बसेल. हे खोटे मला तीन वर्षे पुरले. मग एका माघात, यंत्र टेंपोत घालून कोरेगावहून जात असताना रस्ता ऊसगाड्यांनी अडला. आमच्या ड्रायव्हरने भोंगा वाजवला. पुढच्या बैलगाडीवरच्या माणसाने मागे वळून पाहिले. ते सर्जेराव होते. त्यांनी टेंपोवरची माझी पाटी वाचली, मान खाली घातली, आणि बैलांना आवाज देऊन गाडी रस्त्याच्या खाली, ढेकळांत उतरवली. भरलेली गाडी अशी उतरवणे सोपे नसते. आम्हाला वाट करून देण्यासाठी त्यांनी ती उतरवली. कर्ण्यावर मी जे चेष्टेने बोललो होतो ते त्या माणसाने आज्ञा म्हणून पाळले होते.

त्याच आठवड्यात मी कळ काढली आणि खीळ जाड घातली. यंत्र आता खरोखरच सर्वांना सारखे झाले. पण फळीवरचे ते वाक्य मला वाचवेना.

पुढची तीन वर्षे मी माफी मागायला अनेकदा निघालो. एकदा कोरेगावच्या स्टँडवर उतरून, चहा घेऊन परत फिरलो. एकदा पत्र लिहिले. ते इतके नीटनेटके झाले की वाचून मलाच लाज वाटली, आणि पोस्टात टाकले नाही. मधल्या काळात बोटीवर काम करणारा एक गृहस्थ माझे यंत्र पाहायला आला होता. तो म्हणाला की परदेशात आता काचेच्या पडद्यावर उजेडाच्या ठिपक्यांची मोटार धावते, आणि चाकाने ती वळवायची असते. मी त्याला विचारले की ती खऱ्यासारखी वळते की खेळण्यासारखी. तो हसून म्हणाला, दोन्हींच्या मधे कोठेतरी. तिकडेही कोणी तरी मिस्त्री बसून तो मधला बिंदू शोधत असणार. माझा निरोप त्याला पोहोचणार नाही, पण पोहोचला असता तर मी एवढेच कळवले असते की तो बिंदू कोठेही ठेव, फक्त खेळणाऱ्याला न सांगता मधेच हलवू नकोस.

यंदाच्या जत्रा संपल्यावर मी यंत्र मोडले, आणि आधी आबासाहेबांकडे गेलो. त्यांचे मन वळले तर सर्जेरावांपुढे रिकाम्या हाताने जावे लागणार नाही, असा माझा हिशेबी विचार होता. मी सर्व सांगितले. ते मोठ्याने हसले. म्हणाले, "आवं मिस्त्री, मी काय तुमचं खेळणं बघून ड्रायव्हर ठरवीन व्हय? त्याची बोटं बघितली तवाच ठरलं हुतं. तोंडावर न्हाई म्हणवंना, म्हणून आणला तुमच्याकडं. तुमी कशाला जिवाला लावून घेताय?"

कबूल करतो की त्यांच्या वाड्यातून बाहेर पडताना मला हलके वाटले. सहा वर्षांची सुटका दोन वाक्यांत झाली होती. एस.टी.ची वाट बघत उभा राहिलो आणि घरी जाऊन शालिनीला काय सांगायचे ते मनात जुळवू लागलो. तेथेच ते जुळेना. ट्रक आबासाहेबांनी नाकारला असेल. पण त्या माणसाला त्याचा हात गेला हे आबासाहेबांनी सांगितले नव्हते. ते मी सांगितले होते. आलेली एस.टी. मी सोडून दिली.

सर्जेराव कारखान्याच्या काट्यावर भेटतील, असे त्यांच्या गावात कळले. वजनासाठी ऊसगाड्यांची रांग अर्धा मैल लागली होती. सकाळची वेळ. सर्जेराव बैलांपुढे उसाचे वाढे टाकत होते. मला ओळखून म्हणाले, "आवं मिस्त्री, इकडं कुटं?" आणि बसायला गाडीचे जू दाखवले. मी उभाच राहिलो. माझा आवाज मुळात लहान, त्यात त्या दिवशी तो आणखी खाली गेला होता. कळ, स्प्रिंगा, खीळ, माझा गुडघा, सगळे क्रमाने सांगितले. ऐकता ऐकता त्यांचे वाढे टाकणे थांबले.

"म्हंजी खीळ ढिलीच हुती?"

मी होय म्हणालो.

"आन मी हलवून बघितली तवा?"

"तेव्हा मी कळ सोडली होती."

ते बैलाच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले. मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, "गेल्या साली आईला झटका आला. मेव्हण्याची जीप दारात हुती, डायवर न्हाई. मी बसलो न्हाई. बैलगाडीतनं न्हेली कोरेगावला. वाचली ती. पर सबंध वाटंनं तिनं मला एकच इचारलं. सर्जा, तुला येतंय की रं चालवाय."

मी माफी मागितली. काय शब्द होते ते आता आठवत नाहीत. पुढच्या गाडीवरचा एक गाडीवान खाली उतरून जवळ आला होता. त्याने विचारले, "काय म्हणतोय रं पाव्हणा, सर्जा?"

सर्जेराव माझ्याकडे बघून म्हणाले, "तवा कर्ण्यावर सांगितलं हुतं, मिस्त्री. आता माझ्या कानात सांगताय."

त्यांचा आवाज चढला नव्हता. मी रांगेकडे पाहिले. गाडीवान, दोन ट्रकचे ड्रायव्हर, काट्यावरचा कारकून, सगळे आमच्याकडे बघत होते. त्यांच्यातले काही औंधला त्या दिवशी हजर असतील, काहींनी ती हकीगत नुसती ऐकली असेल. मी रस्त्याच्या मध्यावर जाऊन उभा राहिलो आणि बोलू लागलो. चार शब्द झाले असतील, तोच मागच्या गाडीवरून कोणीतरी म्हणाले, आयकू येईना. मी थांबलो, आणि आयुष्यात कधी बोललो नव्हतो एवढ्या मोठ्या आवाजात पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

"मंडळी, औंधच्या जत्रेत मोटारीचं यंत्र लावणारा मिस्त्री तो मी. सहा वर्षांपूर्वी या सर्जेरावांचा हात कच्चा आहे, असं मी सगळ्या जत्रेला सांगितलं. ते खोटं होतं. यंत्र मी मुद्दाम बिघडवलं होतं. त्यांनी तिथल्या तिथं ओळखलं, तर मी ते लपवलं. त्यांच्या हातात काही कमी नव्हतं. त्या यंत्रावर अकरा वर्षांत जेवढी माणसं बसली, त्यांत असा हात मी पाहिला नाही. सर्जेराव, खीळ ढिली होती. तुम्ही म्हणालात तेच खरं होतं. मी तुमचा अपराधी आहे. मला माफ करा."